शासकीय आरोग्य विमा योजनेत रुग्णालयाचे अंगीकरण : शनिशिंगणापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या दोन योजना एकत्रितपणे राबविल्या जातात. योजनेचे संरक्षण नागरिकाला कायद्याने वा शासन निर्णयाने मिळते. परंतु प्रत्यक्ष उपचार मात्र योजनेशी करारबद्ध झालेल्या, म्हणजेच अंगीकृत, रुग्णालयातच मिळतात. त्यामुळे रुग्णालयाचे अंगीकरण ही वरवर कार्यालयीन वाटणारी प्रक्रिया योजनेच्या यशापयशाचा गाभा ठरते. प्रस्तुत लेखात ही प्रक्रिया, तिच्या अटींमागील कारणे, लहान ग्रामीण रुग्णालयापुढील आर्थिक अडचणी आणि शनिशिंगणापूरसारख्या तीर्थस्थळाच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

बीज संज्ञा : अंगीकृत रुग्णालय, पूर्वमंजुरी, आरोग्यमित्र, शुश्रूषागृह नोंदणी, ग्रामीण आरोग्यसेवा.

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्र, १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या असा त्याचा विस्तार आहे. याच जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर असून अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव येथून गावाकडे रस्ता फुटतो. उघड्या चौथऱ्यावरील शनीची शिळा आणि घरांना दारे न लावण्याची परंपरा यांमुळे गावाची ख्याती देशभर पसरली आहे. शनिवारी, विशेषतः शनी अमावास्येला, येथे भाविकांची मोठी गर्दी होते.

अशा गावात दोन प्रकारची माणसे आजारी पडतात : गावात व आसपास राहणारे शेतकरी-शेतमजूर आणि दर्शनासाठी परगावाहून आलेले भाविक. दोघांच्याही खिशात शासकीय योजनेचे कार्ड असू शकते. परंतु त्या कार्डाचा उपयोग होईल किंवा नाही, हे जवळच्या कोणत्या रुग्णालयाने योजनेशी करार केला आहे यावर अवलंबून असते. अंगीकृत रुग्णालय दूर असेल तर कागदावरील हक्क प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि वाया गेलेला वेळ यांत झिजून जातो. म्हणून अंगीकरणाची प्रक्रिया केवळ रुग्णालयचालकांनी समजून घेण्याची बाब नसून समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य व लोकप्रशासन या विषयांच्या अभ्यासकांनीही तिच्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

योजनेची वाटचाल

गंभीर आजारांवरील शस्त्रक्रियांसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना आर्थिक साहाय्य देणारी जीवनदायी योजना महाराष्ट्र शासनाने १९९७ साली सुरू केली. पुढे २००७ साली आंध्र प्रदेशात राजीव आरोग्यश्री योजना आली व २००८ साली केंद्र शासनाची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू केली. अहिल्यानगर, म्हणजे त्या वेळचा अहमदनगर जिल्हा, पहिल्या टप्प्यात नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली, तेव्हा तो तिच्या कक्षेत आला. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि २३ सप्टेंबर २०१८ पासून ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली.

१ एप्रिल २०२० पासून योजनेची व्याप्ती वाढविण्यात आली. त्या वेळच्या करारात शासन प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये विमाहप्ता विमा कंपनीस देत असे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने उत्पन्नाची अट दूर होऊन शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना प्रतिवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले व १,३५६ उपचार निश्चित करण्यात आले. या निर्णयाची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. त्यानंतरही उपचारांच्या यादीत सुधारणा होत राहिली आहे. राज्यात योजनेचा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते.

या वाटचालीतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पात्र कुटुंबांची संख्या एका शासन निर्णयाने एका दिवसात वाढविता येते. अंगीकृत रुग्णालयांची संख्या मात्र तशी वाढत नाही. २०२० च्या विस्तारात अंगीकृत रुग्णालयांची संख्या ४९२ वरून १,००० पर्यंत नेण्याचे ठरले, आणि २०२३ मध्ये ती मर्यादा आणखी वाढविण्यात आली. परंतु मंजूर संख्या म्हणजे उपलब्ध सेवा नव्हे. प्रत्येक रुग्णालयाने अर्ज करावा लागतो, अटी पूर्ण कराव्या लागतात आणि ठरलेल्या दरात काम करण्यास तयार व्हावे लागते. हक्काचा विस्तार आणि सेवेचा विस्तार यांच्या वेगांतील हा फरकच प्रस्तुत विषयाचे मूळ होय.

अंगीकरणाचे एकक : डॉक्टर की खाट ?

शासकीय आरोग्य विम्यात वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी म्हणजे नेमकी कोणाची नोंदणी, हा पहिला प्रश्न आहे. वेगवेगळ्या देशांनी त्याचे वेगवेगळे उत्तर दिले आहे. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने विमाधारक कामगारांसाठी डॉक्टरांची यादी तयार केली आणि यादीतील डॉक्टरला त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांमागे ठरावीक रक्कम मिळू लागली. अमेरिकेत १९६५ साली कायद्याने स्थापन झालेल्या मेडिकेअर योजनेत स्वतंत्र व्यवसाय करणारा डॉक्टरही स्वतःची नोंदणी करून सेवेचे शुल्क योजनेकडून घेऊ शकतो. म्हणजे या ठिकाणी एकक डॉक्टर हे आहे.

भारतात या पद्धतीचे उदाहरण कर्मचारी राज्य विमा योजनेत सापडते. १९४८ च्या कायद्यान्वये सुरू झालेल्या या योजनेत मुंबईत १९५४ पासून खाजगी डॉक्टरांना विमा वैद्यकीय व्यवसायी म्हणून नेमण्याची पद्धत रुजली. कामगार आपल्या वस्तीतील डॉक्टरकडे नाव नोंदवितो आणि डॉक्टरला नोंदलेल्या कामगारांच्या संख्येनुसार मोबदला मिळतो. तथापि ही योजना संघटित क्षेत्रातील, ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारांपुरती आहे. शेतीवर जगणाऱ्या गावाला तिचा लाभ क्वचितच होतो.

महात्मा फुले योजना आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहेत. त्यामुळे येथे नोंदणीचे एकक डॉक्टर नसून खाटा असलेले रुग्णालय आहे. गावातील दवाखान्यात ताप, खोकला, मधुमेह यांवर उपचार करणारा डॉक्टर कितीही विश्वासू असला तरी केवळ बाह्यरुग्ण दवाखान्याचे अंगीकरण होऊ शकत नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारणपणे किमान १० आंतररुग्ण खाटा अपेक्षित आहेत. केवळ नेत्र किंवा कान-नाक-घसा अशा एकाच विशेषज्ञ शाखेच्या रुग्णालयांना यातून सूट देता येते. राज्यांना स्थानिक गरजेनुसार निकष कमीअधिक करण्याची मुभा आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी राज्य सोसायटीचे त्या वेळी लागू असलेले निकष पाहणे आवश्यक ठरते.

याचा सामाजिक परिणाम महत्त्वाचा आहे. ग्रामीण माणसाचा वैद्यकीय व्यवस्थेशी पहिला संबंध ज्या डॉक्टरशी येतो, तोच या योजनेच्या चौकटीबाहेर राहतो. तो रुग्णाला अंगीकृत रुग्णालयाकडे वेळेवर पाठवितो किंवा नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. पण या मार्गदर्शनाची नोंद वा मोबदला योजनेत नाही.

अर्जापूर्वीची तयारी

अंगीकरणाचा अर्ज संगणकीय प्रणालीवर भरावयाचा असला तरी अर्जाचे खरे काम त्याआधीच सुरू होते. रुग्णालयाकडे असावयाचे परवाने व नोंदण्या यांचा एक संचच तयार करावा लागतो. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. शुश्रूषागृह नोंदणी : केंद्र शासनाचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम लागू आहे. ही नोंदणी तीन वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे.

२. मनुष्यबळाची नोंदणी : प्रत्येक डॉक्टरची वैद्यक परिषदेकडील व परिचारिकांची परिचर्या परिषदेकडील नोंदणी वैध असली पाहिजे. ज्या विशेषज्ञ शाखेसाठी अर्ज आहे, त्या शाखेचा पदव्युत्तर अर्हताप्राप्त तज्ज्ञ उपलब्ध असणे अनिवार्य आहे. शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञाची व्यवस्था दाखवावी लागते. चोवीस तास पात्र डॉक्टर व परिचारिका हजर असणे ही सर्वांना लागू असलेली अट आहे.

३. जैववैद्यकीय कचरा : २०१६ च्या नियमांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत परवानगी घ्यावी लागते. ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयाने स्वतंत्र प्रक्रिया यंत्रणा उभारावयाची नसते. त्या केंद्राशी करार करावा लागतो.

४. अग्निसुरक्षा : ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीत किमान ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली होती. या दोन घटनांनंतर अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र ही औपचारिक बाब मानणे कोणालाही शक्य राहिलेले नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा बसविणे व ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

५. निदान सुविधा : क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, तर सोनोग्राफीसाठी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदणी लागते. प्रयोगशाळा, रक्तपेढी, रुग्णवाहिका व औषधालय स्वतःचे नसल्यास जवळच्या संस्थेशी लेखी करार चालतो.

६. आर्थिक कागदपत्रे : रुग्णालयाच्या नावाचे बँक खाते, पॅन क्रमांक आणि मालकीचे स्वरूप दर्शविणारे दस्तऐवज, म्हणजे विश्वस्त संस्थेची नोंदणी, भागीदारी पत्र किंवा कंपनीचे प्रमाणपत्र, सादर करावे लागतात. या सर्व कागदपत्रांत रुग्णालयाचे नाव व पत्ता एकसारखा असणे महत्त्वाचे आहे. जिल्ह्याचे नामांतर २०२४ साली झाल्यामुळे जुन्या परवान्यांवर अहमदनगर व नव्या कागदांवर अहिल्यानगर असा फरक आढळणे स्वाभाविक आहे. नूतनीकरणाच्या वेळी तो दूर करून घेतल्यास पुढे शंकेला जागा राहत नाही.

या अटींकडे अडथळ्यांची शर्यत म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः प्रत्येक अटीमागे एक तर रुग्णाचा जीव किंवा सार्वजनिक पैसा उभा आहे. तज्ज्ञाची अट नसेल तर अपात्र व्यक्तीकडून शस्त्रक्रिया होण्याचा धोका. खाटांची अट नसेल तर केवळ कागदावर दाखल झालेल्या रुग्णांचे दावे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली संसदेत मांडलेल्या अहवालात प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतील काही राज्यांत किमान निकष पूर्ण न करणारी रुग्णालये अंगीकृत झाल्याचे, तसेच सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडले गेल्याचे नोंदविले आहे. तपासणी सैल झाली म्हणजे काय होते याचे हे उदाहरण होय.

अर्ज, पडताळणी आणि करार

अंगीकरणाची प्रक्रिया सामान्यतः चार टप्प्यांत पूर्ण होते. पहिल्या टप्प्यात रुग्णालय संगणकीय प्रणालीवर प्राथमिक माहिती भरून संदर्भ क्रमांक मिळविते. दुसऱ्या टप्प्यात खाटा, विभाग, उपकरणे, मनुष्यबळ यांचा तपशील भरून परवाने व छायाचित्रे जोडली जातात आणि कोणत्या विशेषज्ञ शाखांसाठी अंगीकरण हवे आहे ते नमूद केले जाते. येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट असते. ज्या शाखेचा तज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतो, ती शाखा अर्जात समाविष्ट करण्याचा मोह होतो. परंतु पुढे त्या शाखेतील तातडीचा रुग्ण नाकारावा लागला तर तो करारभंग ठरू शकतो.

तिसऱ्या टप्प्यात जिल्हास्तरीय समिती कागदपत्रांची छाननी करून रुग्णालयास प्रत्यक्ष भेट देते. अर्जातील खाटा जागेवर आहेत काय, शस्त्रक्रियागृह निर्जंतुक ठेवण्याची व्यवस्था कशी आहे, स्त्री व पुरुष रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष व स्वच्छतागृहे आहेत काय, पाणी व वीज अखंड मिळते काय, रुग्णांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात, या गोष्टी पाहिल्या जातात. समितीचा अहवाल राज्यस्तरीय समितीकडे जातो व अंतिम निर्णय तेथे होतो. अर्ज मान्य, अमान्य किंवा त्रुटीपूर्ततेसाठी परत, असे तीन निष्कर्ष संभवतात. चौथ्या टप्प्यात सामंजस्य करार होतो, रुग्णालयास प्रणालीचा प्रवेश मिळतो आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण होते.

अर्ज परत येण्याची संभाव्य कारणे बहुधा साधी असतात : मुदत संपत आलेला परवाना, प्रमाणपत्रावरील व अर्जातील खाटांच्या संख्येत तफावत, किंवा तज्ज्ञाच्या नेमणूकपत्राचा अभाव. परवान्यांच्या मुदतीची एक नोंदवही ठेवून तीन महिने आधी नूतनीकरण सुरू करणारे रुग्णालय या अडचणी सहज टाळू शकते. अंगीकरणानंतरही हीच नोंदवही कामी येते.

अंगीकरणानंतरची कार्यपद्धती

करार झाल्यावर रुग्णालयाच्या दैनंदिन कामाची रीत बदलते. प्रवेशद्वाराजवळ योजनेचा स्वतंत्र कक्ष असतो व तेथे आरोग्यमित्र रुग्णाची ओळख व पात्रता तपासतो. शिधापत्रिका, आधार किंवा आयुष्मान कार्ड पाहून नोंदणी झाल्यावर डॉक्टर तपासणी करतात आणि उपचार यादीतील असल्यास पूर्वमंजुरीची विनंती पाठविली जाते. योजनेचे वैद्यकीय परीक्षक कागदपत्रे पाहून मंजुरी देतात. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीद्वारे कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. कागदपत्रे नंतर पूर्ण करता येतात. यादीतील काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असल्याने खाजगी रुग्णालयाने ते आधी पाहून घ्यावयाचे असतात.

मोबदला संपुट पद्धतीने दिला जातो. खाटेचे भाडे, तज्ज्ञांचे शुल्क, भूल, औषधे, तपासण्या, रुग्णाचे भोजन असा सर्व खर्च एका ठरलेल्या रकमेत अंतर्भूत असतो. महात्मा फुले योजनेत रुग्णाच्या परतीच्या प्रवासाचे भाडेही त्यात धरलेले आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा व घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांचा संबंधित खर्चही समाविष्ट असतो. रुग्णाकडून वेगळी रक्कम घेता येत नाही. घेतल्याचे सिद्ध झाल्यास ती परत करावी लागते, दंड होतो आणि पुनरावृत्ती झाल्यास कारणे दाखवा नोटिशीनंतर निलंबन किंवा अंगीकरण रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते.

रुग्ण घरी गेल्यावर उपचारपत्रिका, तपासणी अहवाल, छायाचित्रे व रुग्णाचा अभिप्राय जोडून दावा दाखल केला जातो. वैद्यकीय नोंदी अपुऱ्या असतील तर केलेल्या योग्य उपचारांचा दावाही नाकारला जाऊ शकतो. जो डॉक्टर आजवर रुग्णाचा इतिहास स्मरणात ठेवून काम करीत आला, त्याला प्रत्येक निर्णय लिहून ठेवण्याची सवय लावावी लागते. अंगीकरणाचा सर्वांत टिकाऊ लाभ कदाचित हाच असावा.

लहान रुग्णालयाचे अर्थकारण

अटी पूर्ण करूनही अनेक रुग्णालये योजनेत येण्यास का कचरतात, याचे उत्तर बहुतांशी अर्थकारणात आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. महामार्गालगतच्या एखाद्या गावातील १५ खाटांचे रुग्णालय महिन्याला योजनेतील २० रुग्णांवर उपचार करते व प्रत्येक उपचाराची सरासरी रक्कम १५,००० रुपये आहे, असे समजा. महिन्याची येणे रक्कम तीन लाख रुपये होते. दाव्याची रक्कम पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून साधारण १५ दिवसांत मिळावी असे अपेक्षित आहे. ती दोन महिने लांबली, तर सहा लाख रुपये अडकून राहतात. औषध विक्रेत्याचे देणे, परिचारिकांचे वेतन आणि भूलतज्ज्ञाचे मानधन मात्र थांबत नाही. मोठे रुग्णालय हा ताण सोसू शकते, लहान रुग्णालयास तो झेपत नाही. थकबाकीचा प्रश्न एका राज्यापुरता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खाजगी रुग्णालयांनी थकीत रकमांच्या कारणावरून आयुष्मान योजनेतील सेवा थांबविल्या होत्या.

दुसरीकडे, योजनेमुळे रुग्णसंख्या वाढते, रिकाम्या खाटा भरतात आणि जो रुग्ण पैशांअभावी उपचार टाळत होता तो दाखल होतो, हाही लाभ आहे. राष्ट्रीय रुग्णालय प्रमाणन मंडळाचे प्रवेशस्तरीय प्रमाणपत्र मिळविल्यास केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १० टक्के व पूर्ण प्रमाणपत्रास १५ टक्के अधिक दराची तरतूद करण्यात आलेली आहे. म्हणून निर्णय घेताना तीन आकडे मांडून पाहणे हितावह असते : प्रत्येक उपचाराचा प्रत्यक्ष खर्च व योजनेचा दर यांतील अंतर, किमान दोन महिने पुरेल इतके खेळते भांडवल, आणि दावे व नोंदी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा वार्षिक खर्च.

विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांना आणखी एक बाब लागू होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार व उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीने द्यावयाच्या असतात. यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हे दायित्व अंगीकरणाहून वेगळे आहे. देवस्थानांचा जिल्हा असलेल्या अहिल्यानगरात हा भेद रुग्णांना समजावून सांगण्याची विशेष गरज आहे; कारण योजनेच्या यादीत न बसणारा आजार असला तरी निर्धन रुग्णाला धर्मादाय खाटेचा मार्ग खुला असू शकतो.

शनिशिंगणापूरच्या संदर्भातील प्रश्न

तीर्थस्थळाच्या दृष्टीने अंगीकरणाचे तीन विशेष पैलू दिसतात.

पहिला पैलू परराज्यातील भाविकांचा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड योजनेत सहभागी राज्यांत कोठेही चालते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न विचारात न घेता, या योजनेत घेण्यात आले आहे. दर्शनास येणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण लक्षणीय असते. रांगेत छातीत कळ आलेल्या परराज्यातील वृद्धाकडे वैध कार्ड असेल, तर जवळच्या अंगीकृत रुग्णालयास त्याच्यावर विनामूल्य उपचार करता येतात. जवळ असे रुग्णालय नसेल, तर त्याच्या नातेवाइकांना अनोळखी मुलखात पैसे उभे करावे लागतात. महामार्गावरील अपघातग्रस्तांसाठी राज्य शासनाची बाळासाहेब ठाकरे रस्ते अपघात विमा योजना आहे. तिचा लाभही अंगीकृत रुग्णालयांमार्फतच मिळतो.

दुसरा पैलू गर्दीच्या स्वरूपाचा. आठवड्यातील एक दिवस आणि वर्षातील काही तिथी यांवर भार एकवटतो. अंगीकरणाचे निकष मात्र वर्षभर समान क्षमता गृहीत धरतात. चोवीस तास तज्ज्ञ ठेवण्याचा खर्च मंगळवारीही तेवढाच असतो. त्यामुळे केवळ यात्रेच्या आधारावर अंगीकृत रुग्णालय चालू शकत नाही. सोनई, घोडेगाव व आसपासच्या गावांतील स्थानिक रुग्ण हाच त्याचा पाया असला पाहिजे.

तिसरा पैलू स्थानिक परंपरेचा. ज्या गावात घराला दार न लावणे हे श्रद्धेचे अंग आहे, तेथे बंदिस्त व कुलूपबंद व्यवस्था मागणारे नियम कसे पाळावेत, हा प्रश्न सहज मनात येतो. अमली वर्गातील वेदनाशामके कुलूपबंद ठेवावी लागतात, जैववैद्यकीय कचऱ्याची साठवण इतरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी लागते, शस्त्रक्रियागृह बंदिस्त असावे लागते. या बाबतीत बँकेचे उदाहरण उद्बोधक आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने गावात शाखा उघडताना प्रवेशद्वारास कुलूप न लावण्याची प्रथा मान्य केली आणि रोख रकमेच्या सुरक्षिततेची व्यवस्था वेगळ्या रीतीने केली. २०१५ साली सुरू झालेल्या पोलीस ठाण्यानेही दर्शनी दाराविना राहण्याची परंपरा पाळली. रुग्णालयाच्या बाबतीतही प्रवेश मोकळा व आतील धोक्याच्या वस्तू नियंत्रित अशी विभागणी शक्य आहे. गावाची श्रद्धा परस्परविश्वासावर उभी आहे. विमा योजना मात्र पुराव्यावर चालते. रुग्णालयाने या दोन्हींचा मान राखावयाचा असतो.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शासकीय आरोग्य विम्याच्या यशाचे माप किती कार्डे वाटली यावर न ठरता रुग्णाच्या घरापासून अंगीकृत खाटेपर्यंतच्या अंतरावर ठरले पाहिजे. सध्याची प्रक्रिया रुग्णालयाची पात्रता तपासते; त्या परिसराला रुग्णालयाची किती गरज आहे, हा प्रश्न मात्र तिच्या केंद्रस्थानी नाही. या दृष्टीने पुढील सूचना विचारार्थ मांडता येतील.

१. अंगीकरणाचे निर्णय घेताना तालुकानिहाय व शाखानिहाय उणीव दाखविणारा नकाशा जिल्हा समितीपुढे असावा. ज्या पट्ट्यात एखाद्या शाखेचे एकही अंगीकृत रुग्णालय नाही, तेथील अर्जांना प्राधान्य मिळावे.

२. सुरक्षिततेच्या अटी शिथिल न करता लहान ग्रामीण रुग्णालयांना त्या पूर्ण करण्यासाठी मार्गदर्शन मिळावे. तसेच त्यांचे दावे प्राधान्याने निकाली निघावेत.

३. यादीबाहेर राहणाऱ्या गावातील डॉक्टरांना जवळची अंगीकृत रुग्णालये, त्यांच्या शाखा व आरोग्यमित्रांशी संपर्काची पद्धत यांची अद्ययावत माहिती नियमितपणे दिली जावी.

४. यात्रास्थळी मराठीबरोबरच हिंदी, गुजराती व तेलुगू भाषांत योजनेची माहिती देणारे फलक लावले जावेत.

५. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आपल्या दत्तक गावांत कार्ड असूनही उपचारासाठी स्वतः खर्च कराव्या लागलेल्या कुटुंबांची पाहणी करावी. अशी पाहणी अल्प खर्चात होऊ शकते आणि तिचे निष्कर्ष जिल्हा समितीस उपयोगी पडू शकतात.

एका रुग्णालयाने परवान्यांची नोंदवही नीट ठेवणे, तज्ज्ञाचे नेमणूकपत्र वेळेत जोडणे आणि उपचारपत्रिका काळजीपूर्वक लिहिणे या क्षुल्लक वाटणाऱ्या कृती आहेत. परंतु त्यांच्याच आधारे मध्यरात्री रुग्णवाहिकेतून आलेल्या शेतमजुराला पैशांविषयी न विचारता आत घेता येते. शासन निर्णयातील पाच लाख रुपयांचे संरक्षण त्या क्षणी प्रत्यक्षात उतरते.